घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस: विकत घ्यावे की विंडोजमधले पुरे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २०१७ सालचा डेस्कटॉप आहे: इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. मुलगी अकरावीत आहे, तिचा पेन ड्राइव्ह कॉलेज, झेरॉक्सचे दुकान आणि घर असा फिरत असतो. वडील त्याच संगणकावर नेट बँकिंग करतात आणि जुलैत आयकर विवरणपत्र भरतात. आधीच्या अँटीव्हायरसची मुदत संपली आहे आणि दुकानदार तीन वर्षांचे टोटल सिक्युरिटी घ्या म्हणतो. घ्यावे का, आणि कोणते?

दुकानातून काहीही आणण्याआधी विंडोजकडे बघा. तुमच्या घरचा मोठा धोका तिथे आहे.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. त्यानंतर विंडोजच्या सुरक्षेत सापडलेली भगदाडे मायक्रोसॉफ्ट आपणहून बुजवत नाही. गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीमुळे: विंडोज १० मधल्या डिफेंडरला, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसला, व्हायरस ओळखण्याची नवी यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. त्यामुळे पडद्यावर हिरवी खूण दिसते आणि सगळे आलबेल आहे असे वाटते. पण यादी वेगळी आणि भगदाड बुजवणे वेगळे. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, १२ मे २०१७ रोजी पसरला तेव्हा त्याने वापरलेल्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या संगणकात कोणीही काहीही क्लिक न करता तो नेटवर्कवरून शिरला. दार मोडके असेल तर पहारेकऱ्याला किती पगार देता याने फारसा फरक पडत नाही.

सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. आडवाटेने ते बसवून देणारे मिळतात. पण अशा संगणकाला अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून बँकेच्या कामाच्या संगणकावर मी तो मार्ग सुचवणार नाही. तुमच्यासाठी आजचा मार्ग म्हणजे एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, म्हणजे ईएसयू. याने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेले हवे. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट उघडा. उजवीकडे किंवा खाली ‘एनरोल नाउ’ दिसेल. पुढच्या पडद्यावर विंडोज बॅकअपने सेटिंग्ज सिंक करण्याचा पर्याय निवडला तर पैसे पडत नाहीत. ‘एनरोल नाउ’ दिसतच नसेल तर बहुधा २२एच२ आलेले नसते किंवा आधीचे अपडेट अडकलेले असतात. ते सगळे पूर्ण करा, संगणक रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. त्या तारखेनंतर मात्र या यंत्रावर नेट बँकिंग थांबवायचे, हे घरात आत्ताच ठरवून ठेवा.

आता अँटीव्हायरस. अद्ययावत विंडोजवर, चार माणसांच्या साध्या घरगुती वापराला, आतला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरतो. दहा-बारा वर्षांपूर्वी असे म्हणता येत नव्हते, तेव्हा तो चाचण्यांत मागे असे आणि त्याच काळातला सल्ला अजून दुकानांत फिरतो. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, गती आणि वापरातली अडचण या तिन्हीला प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. तिथे डिफेंडर गेली अनेक वर्षे वरच्या रांगेत आहे.

त्याचा एक कच्चा दुवा आहे आणि तो तुमच्या घराला लागू पडतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था इंटरनेट चालू असताना आणि बंद असताना, अशी दोन्ही वेळची पकड मोजते. इंटरनेट बंद असताना डिफेंडरची पकड बरीच ढिली होते, कारण तो नव्या फाइलबद्दल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून निर्णय घेतो. म्हणून मुलीला एक सवय लावा: पेन ड्राइव्ह लावण्याआधी वायफाय चालू आहे ना, हे बघायचे. राउटर बंद असताना झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह उघडायचा नाही.

डिफेंडर आहे तसा ठेवू नका, त्यातल्या काही कळा स्वतः बघाव्या लागतात. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज दाबा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही चालू हवीत. त्याच पानावर खाली एक्सक्लूजन्स आहे, ते जरूर उघडा. एखाद्याने फुकटचे ऑफिस किंवा विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करून दिले असेल, तर तिथे अख्खा सी ड्राइव्ह सूट दिलेला सापडू शकतो. ओळ सापडली की काढून टाका. मग ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ चालू करा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरसोबत चोरपावलांनी येणारे टूलबार आणि ‘पीसी क्लीनर’ यानेच अडतात.

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस ही कळ सहसा बंदच असते आणि रॅन्समवेअरविरुद्ध तीच कामाची आहे. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या तळाशी ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ मध्ये ती सापडते. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमधल्या फाइलींना अनोळखी प्रोग्रॅम हात लावू शकत नाही. फोटो डी ड्राइव्हवर असतील तर ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’ मध्ये ते फोल्डर स्वतः जोडा, नाहीतर ते उघडेच राहतील. याचा त्रासही होतो. स्कॅनरचे सॉफ्टवेअर, जुना मराठी डीटीपीचा प्रोग्रॅम किंवा एखादा गेम अचानक ‘सेव्ह होत नाही’ म्हणू लागतो, आणि खरे कारण सांगत नाही. अशा वेळी त्याच पानावर ‘अलाउ ॲन ॲप’ मध्ये ‘रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’ उघडा आणि नेमका तेवढा प्रोग्रॅम निवडा. वैतागून अख्खी कळ बंद करू नका. विकतचे अँटीव्हायरस बसवले की डिफेंडर बाजूला होतो आणि ही कळही चालत नाही. तेव्हा विकतच्या पॅकमध्ये फोल्डर राखण्याची सोय आहे का आणि ती चालू केली आहे का, हे पाहणे आपल्यावर येते.

मग विकतचे कधी घ्यावे? माझ्या मते तीनच कारणे खरी आहेत. घरात चार-पाच उपकरणे आहेत आणि ती सगळी एका जागेवरून बघणारे माणूस आहे. किंवा मुलांवरची बंधने तपशिलात हवी आहेत. किंवा अडचण आली की फोनवर आपल्या भाषेत बोलणारे कोणीतरी हवे आहे. हे तिसरे कारण कमी लेखू नका. सत्तरीतल्या वडिलांना इंग्रजी चॅटवर ताटकळत ठेवण्यापेक्षा मराठी-हिंदीत उत्तर देणारा माणूस मिळणे खूप मोलाचे आहे. पुण्याचे क्विक हील किंवा चेन्नईचे के-सेव्हन घेण्यामागे अनेक घरांत हेच कारण असते आणि ते रास्त आहे. घेण्याआधी मदतीच्या क्रमांकावर एकदा फोन करून बघा. किती वेळाने उचलतात आणि कोणत्या भाषेत बोलतात, ते तिथेच कळेल.

खोक्यावरच्या नावांत फार अडकू नका. साधे अँटीव्हायरस, इंटरनेट सिक्युरिटी आणि टोटल सिक्युरिटी यांत फाइल तपासणारे इंजिन साधारणपणे एकच असते. वरच्या पायरीवर फायरवॉल, मुलांवरचे नियंत्रण, बँकिंगसाठी वेगळी खिडकी, व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक झाकणारी सेवा), पासवर्ड मॅनेजर, ‘ट्यून-अप’ अशा गोष्टी वाढत जातात. विंडोजची फायरवॉल घराला पुरते. व्हीपीएन बऱ्याचदा दिवसाला काहीशे एमबीवरच अडवलेला असतो. ट्यून-अपने जुना संगणक वेगवान होत नाही. बँकिंगची वेगळी खिडकी मात्र उपयोगी पडते, विशेषतः ब्राउझरमध्ये दहा-बारा एक्स्टेन्शन साचलेली असतील तर.

कंपनी निवडताना एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि लंडनच्या एसई लॅब्ज यांच्यापैकी निदान दोघांचे ताजे निकाल बघा. एकच महिना न बघता लागोपाठ दोन-तीन फेऱ्या बघा. संरक्षणातल्या ९९.५ आणि ९९.८ टक्क्यांच्या फरकावर जीव टाकू नका. त्याऐवजी ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणजे निर्दोष फाइल पकडण्याचा आकडा आणि गतीचा निकाल वाचा. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर रोज जाणवतात ती हीच दोन. ज्या कंपनीचे नाव या संस्थांच्या निकालांत कुठेच नाही, तिचे फुकटातलेसुद्धा बसवू नका.

फुकटच्या पॅकबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. फुकटचे अँटीव्हायरस देणारी अवास्ट ही कंपनी आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत असे. जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटीव्हायरस संगणकात सगळ्यात खोलवर बसतो आणि सगळे पाहतो. म्हणून बसवताना ‘माहिती शेअर करण्यास संमती’ अशा ओळीसमोरची खूण वाचून काढा. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांना कॅस्परस्की या रशियन अँटीव्हायरसचा सल्ला देऊ नका. तिथे जुलै २०२४ पासून त्याची विक्री आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून अपडेटही बंद आहेत.

पैशांकडेही नीट बघा. ऑनलाइन पहिले वर्ष स्वस्त असते आणि नूतनीकरणाची किंमत बारीक अक्षरात दुप्पट-तिप्पट असू शकते. ऑटो-रिन्यूअल चालू असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. तो एसएमएस जाहिरात समजून पुसला जातो, म्हणून खरेदी झाल्याबरोबर खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद केलेले बरे. दुकानातून खोके घेताना सील बघा आणि बिलावर की क्रमांक लिहून घ्या. मुदत सहसा ॲक्टिव्हेट केल्यापासून मोजतात. तुमच्या बाबतीत तीन वर्षांचा परवाना घेऊ नका, कारण ऑक्टोबर २०२६ नंतर हे यंत्र बँकेच्या कामाचेच राहणार नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर ते २५६ जीबीच्या साटा एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर) आणि ४ जीबी जादा रॅमवर खर्च करा. ‘अँटीव्हायरसने संगणक स्लो केला’ अशी तक्रार असते तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर खिळलेली दिसते आणि वर ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव असते. हा डिफेंडरच आहे. तो हजारो बारीक फाइली वाचत असतो आणि फिरत्या हार्ड डिस्कचा जीव तिथेच जातो. डिफेंडर काढून दुसरे बसवले तर तोच भार दुसऱ्या नावाने दिसतो. एसएसडी लावली की तक्रार बहुतेक मिटते. पुढे नवा संगणक घेतल्यावर ती यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते. जुनी हार्ड डिस्कही तशीच वापरा, फक्त बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेल्या बॅकअपलासुद्धा रॅन्समवेअर कुलूप घालतो.

विकतचे घ्यायचे ठरले तर बसवण्याचा क्रम चुकू देऊ नका. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये हात घालतात आणि एकमेकांचे काम संशयास्पद समजतात. मग संगणक गोठतो, कधी निळा पडदा येतो. आधीचे मुदत संपलेले पॅक ‘ॲप्स’ मधून अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, मग त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरचे रिमूव्हल टूल चालवा, कारण ड्रायव्हरचे तुकडे मागे राहतात. नव्या लॅपटॉपवर चाचणीपुरते आलेले पॅकही असेच काढा. मुदत संपली तरी ते जुन्या यादीवर तसेच पडून राहते आणि डिफेंडर त्याची जागा लगेच घेईलच असे नाही. नवे बसले की विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ उघडून एकच नाव चालू आहे ना, ते बघा. शेवटी आयकार (EICAR) या अँटीव्हायरस संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरून चाचणीची फाइल उतरवा. ती ६८ अक्षरांची पूर्णपणे निरुपद्रवी ओळ आहे, आणि सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस मानायचे ठरवून बसले आहेत. ती उतरली आणि उघडलीही, तर संरक्षण चालू नाही असे समजा.

विकतच्या पॅकने एक अडचण जुलैत हमखास येते. बरीचशी पॅक सुरक्षित संकेतस्थळांची वाहतूकही आपले प्रमाणपत्र मध्ये घालून तपासतात. मग विवरणपत्र भरताना किंवा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन लावताना पान अडते, कारण स्वाक्षरीचा छोटा प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर सेवा म्हणून चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. तेवढा प्रोग्रॅम आणि ते संकेतस्थळ वेब-तपासणीतून वगळा, बाकी सगळे चालू ठेवा.

मुलीच्या पेन ड्राइव्हवर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले, म्हणजे चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक बाण आणि आकार एक-दोन केबी, तर त्यावर डबल-क्लिक करू नका. त्या क्लिकने आधी व्हायरस चालतो आणि मग संशय येऊ नये म्हणून खरा फोल्डरही उघडतो. फाइली बहुधा गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, ऑप्शन्स, पुन्हा व्ह्यू असे जाऊन ‘शो हिडन फाइल्स’ निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ वरची खूण काढा. फिकट रंगाचा फोल्डर दिसेल, कधी त्याला नावच नसते. त्यातल्या फक्त वर्ड, पीडीएफ आणि फोटो कॉपी करा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा. फाइलीचे एक्स्टेन्शन दिसण्याची सोय मात्र कायम चालू ठेवा. पीडीएफच्या चिन्हामागे प्रोग्रॅम लपलेला असला तर तो तेव्हाच दिसतो.

‘तुमच्या अँटीव्हायरसची मुदत संपली, ५ व्हायरस सापडले’ असे उजव्या कोपऱ्यात सारखे येत असेल, आणि त्या कंपनीचे काही बसवलेलेच नसेल, तर ते ब्राउझरचे नोटिफिकेशन आहे. कोणत्यातरी पानावर कधीतरी ‘अलाउ’ दाबले गेले आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जा आणि अनोळखी पत्ते काढून टाका. तिथून पैसे भरून काहीही ‘रिन्यू’ करू नका.

वडील आणि मुलगी यांना रोजच्या वापरासाठी स्टँडर्ड खाते द्या. आधी वेगळ्या पासवर्डचे नवे ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडा, त्यात शिरून चालू खात्याचा प्रकार स्टँडर्ड करा. मग काहीही बसवताना पासवर्ड मागितला जाईल आणि तो घरातल्या एकाच माणसाकडे असेल. मुलांसाठी मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी फुकट आहे. वेळेची मर्यादा त्यात चांगली चालते, संकेतस्थळांची गाळणी मात्र एज ब्राउझरपुरतीच आहे.

दोन गोष्टी कोणतेही पॅक धडपणे अडवत नाही, आणि त्याच मला सगळ्यात जास्त काळजीच्या वाटतात. पहिली: ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा माणूस एनीडेस्कसारखे, दुरून आपला संगणक चालवू देणारे ॲप घ्यायला लावतो. ॲप कायदेशीर आहे, म्हणून अँटीव्हायरस गप्प बसतो. दुसरी: ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगणारे पान. त्या तीन कळांनी तुम्ही स्वतःच चोरट्याची आज्ञा चालवता. वडिलांना हे कळफलकासमोर बसवून एकदा दाखवा, नुसते सांगून लक्षात राहत नाही.

असे काही होऊन गेलेच, तर आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी) आणि बँक यांना फोन करा. मग फोनवरून पासवर्ड बदला: आधी ईमेल, मग बँक, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट’ करा, कारण हल्लीचे चोर पासवर्डसोबत ब्राउझरमधल्या चालू लॉगिनच्या कुकीजही नेतात. त्यानंतर डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवा, ते विंडोज सुरू होण्याआधी साधारण १५ मिनिटे चालते. दुसरे मत हवे तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर दुसऱ्या संगणकावरून आणा. तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुना जपून ठेवू नका. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम होता असे दिसले तर फाइली काढून घेऊन विंडोज नव्याने टाका. रॅन्समवेअर असेल तर मात्र फॉरमॅटची घाई नको. कुलूप लागलेल्या फाइली आणि खंडणीची चिठ्ठी दोन्ही वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि नो मोअर रॅन्सम या, अशा कुलपांच्या किल्ल्या फुकट देणाऱ्या संकेतस्थळावर तपासा. काही जातींची किल्ली आज नसली तरी पुढे मिळते, आणि तोवर फाइली हाताशी असायला हव्यात.